चौथ्या मजल्यावरचा गारवा

लॅगिंग म्हणजे काय, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं. माझी सोयरीक जुळवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" माझे मामा म्हणाले, "कंपनीत पाइपांना कपडे घालतो." सासऱ्यांना वाटलं, मामा थट्टा करताहेत. पण याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

केमिकल कंपनीत बॉयलरची वाफ लांबलांब पाइपांतून फिरते. पाइप उघडा ठेवला तर वाफ वाटेतच गार होते, इंधन फुकट जळतं आणि शेजारून जाणाऱ्या माणसाचा हात भाजतो तो वेगळाच. म्हणून पाइपाभोवती दगडाच्या किंवा काचेच्या लोकरीची जाड गादी गुंडाळायची, तारेनं आवळायची आणि वरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा अंगरखा चढवायचा. झालं लॅगिंग. दगडाची लोकर म्हटलं की लोक हसतात, पण खरंच दगड वितळवून त्याचे केसासारखे धागे काढतात. दिसायला मऊ, पण अंगात शिरली की तिच्यासारखी वैरीण नाही. कामावरून आल्यावर आधी गार पाण्यानं अंग धुवायचं. गरम पाणी घेतलं की कातडीची भोकं उघडतात आणि रात्रभर खाजवत बसावं लागतं. माझे कपडे सुनंदा वेगळ्या बादलीत धुवायची. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिला हे माहीत नव्हतं. तिच्या नव्या साड्या माझ्या डांगरीबरोबर भिजल्या आणि आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

पुढे तीही याच धंद्यात आली. पाइपांचे व्हॉल्व्ह अधूनमधून उघडावे लागतात, म्हणून त्यांना काढता-घालता येणाऱ्या उशा लागतात. काचेच्या कापडाच्या, आत लोकर भरलेल्या. त्या सुनंदा घरी शिवायची. आमच्या अंबरनाथच्या वस्तीत बाकीच्या बायका गोधड्या शिवायच्या, आमच्याकडे व्हॉल्व्हांची अंगडी शिवली जायची.

दोन हजार सालानंतर औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या एकेक करून बंद पडू लागल्या. ज्या पाइपांना मी पत्रे चढवले होते ते पत्रे भंगारवाले ओरबाडून नेताना मी गेटबाहेर उभं राहून पाहिलेत. लोकर तशीच फेकून दिलेली असायची, पावसात भिजून काळी पडलेली. मी ज्याच्याकडे होतो त्या लॅगिंगच्या कॉन्ट्रॅक्टरनं धंदा गुंडाळला. मी आणि सुनंदा घरी बसलो.

घरांच्या कामाची वाट आम्हाला उल्हासनगरच्या एका सिंधी कापड व्यापाऱ्यानं दाखवली. त्याच्या दुकानावर सिमेंटच्या पत्र्याची खोली होती, त्यात त्यानं एसी बसवला होता. मला म्हणाला, "साईं, ये बिजली का बिल है या लडकी की शादी का खर्चा? एसी दिनभर चलता है, और माँ बोलती है पंखा चालू करो." मी वर पाहिलं. पत्रा तव्यासारखा तापलेला, एसी बिचारा काय करणार? आम्ही पत्र्याखाली लोकर बसवली, त्याखाली प्लायवूडचं छत केलं. खोली गार पडली, बिल उतरलं, व्यापारी खूश. पंधरा दिवसांनी त्याचा घाबऱ्याघाबऱ्या फोन आला. त्याच्या अम्मांनी उरलेली लोकर वाया जाऊ नये म्हणून उशीत भरली होती. सगळं घर मान खाजवत होतं. सुनंदा जाऊन त्या उशा घेऊन आली. अम्मांनी तिला पापड-पाणी दिलं आणि वर सुनावलं, "इतनी अच्छी रुई, और किसी काम की नहीं!"

मग अशी कामं येत गेली. बदलापूरला भराभर इमारती उभ्या राहत होत्या. वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळायचा, म्हणून नोकरदार माणूस तोच घ्यायचा आणि पहिल्या एप्रिलमध्ये त्याला कळायचं की तो स्वस्त का होता. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते खाली सोडत बसतो. पंखा लावला तर तीच गरम हवा डोक्यावर फिरते. ज्याला खर्च झेपत नसे त्याला मी सरळ सांगायचो, "गच्चीवर चुन्याचे दोन जाड हात मार, बाकी पुढच्या वर्षी बघू." त्यानंही फरक पडतो. पांढरा रंग ऊन परतवतो.

याच दिवसांत एका सकाळी ताम्हाणे साहेब आमच्या दारात उभे राहिले.

मधुकर ताम्हाणे म्हणजे मी ज्या कंपनीत सर्वांत जास्त वर्षं काम केलं तिथले बॉयलरचे अधिकारी. आम्ही लॅगिंग संपवलं की साहेब पाइपाच्या कडेनं चालत जायचे आणि जागोजागी उलटा हात ठेवायचे. तळहात नाही, उलटा हात. तळहाताला घट्टे असतात, तो खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मध्येच थांबायचे. "साळवे, हा सांधा बोलतोय." म्हणजे तिथून धग बाहेर येतेय. मग ते सगळं उघडून पुन्हा बांधावं लागे. मागून मी शिव्या द्यायचो, पण काम मी त्यांच्याकडूनच शिकलो. कंपनी बंद झाल्यावर त्यांना मुदतीआधीच घरी बसावं लागलं. क्वार्टर सोडावं लागलं आणि त्यांनी बदलापूर पश्चिमेला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, हे मी ऐकून होतो.

साहेब आमच्या घरी पहिल्यांदाच आले होते. सुनंदानं खुर्ची पुसून पुढे केली. ते बसले नाहीत.

"साळवे, घराला लॅगिंग करायचंय. आमच्या मॅडमसाठी."

मॅडम म्हणजे विद्याबाई. अंबरनाथच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. आमच्या वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच 'बाई' होत्या. दोन-तीन वर्षांपूर्वी बाईंनी शाळा अचानक सोडली होती. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

ते मला त्या घरी गेल्यावर कळलं. बाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या आणि स्वतःच बोलल्या. "साळवे, मेंदूपासून हातापायांकडे ज्या नसा जातात ना, त्यांच्यावर एक आवरण असतं. माझं ते जागोजागी झिजतंय. म्हणजे तुमच्या भाषेत, माझ्या वायरींचं लॅगिंग गेलंय." आणि हसल्या. मला हसावं की नाही ते कळेना.

त्या आजाराला उष्णता वाईट. सकाळी गारव्यात बाई हळूहळू चालायच्या, पोळ्या लाटायच्या, पेपर वाचायच्या. दुपार चढली की पाय ऐकेनासे व्हायचे. चारच्या सुमाराला कप उचलवत नसे, डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. अंग गार झालं की पुन्हा थोडं थोडं परत यायचं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की यांना थंड ठेवा. साहेबांनी एसी घेतला होता, पण बदलापूरला तेव्हा लोडशेडिंग ऐन दुपारी. वीज गेली की दहा मिनिटांत घराची भट्टी व्हायची.

"एसी बंद पडल्यावरही गारवा टिकला पाहिजे," साहेब म्हणाले. "वाफ टिकवायला आपण जे करत होतो तेच, फक्त उलटं."

मला माहीत होतं आणि साहेबांना तर माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं की हे काम स्लॅबच्या वरून करायला हवं. ऊन स्लॅबमध्ये शिरायच्या आधीच अडवायचं. पण गच्ची सोसायटीची. साहेबांनी परवानगी मागितली, मीटिंग झाली, मला कामाची माहिती द्यायला बोलावलं होतं. सेक्रेटरी शिर्के म्हणून होते, बँकेत नोकरीला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला घट्ट.

"ताम्हाणे साहेब, बिल्डरनं वॉटरप्रूफिंगची गॅरंटी दिलीय. गच्चीला हात लावला तर ती गेली. उद्या पाणी गळलं तर चौघांनी कुणाच्या दारात जायचं? आणि तुम्हाला दिली की उद्या दुसरा मागणार."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि खाली बसले.

जिन्यात मी विचारलं, "साहेब, बाईंचं का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर नाही म्हणाले नसते."

"तिनं बजावलंय. म्हणाली, माझा आजार मीटिंगमध्ये मांडायचा नाही. मी काही सोसायटीचा विषय नाही."

मग आम्ही आतून काम केलं. छताला पट्ट्यांचा सांगाडा, त्यात लोकरीच्या गाद्या गच्च भरल्या, खाली पांढरं छत. पश्चिमेच्या भिंतीलाही तसंच. खिडक्यांच्या फटी बंद केल्या, जाड पडदे सुनंदानं शिवले. घर थोडं बुटकं झालं, थोडं अंधारं झालं. काम चालू असताना लोकर उडते, म्हणून बाईंना खालच्या मजल्यावर शिर्क्यांच्या आईकडे बसवलं होतं. तिथे त्या दोघींची गट्टी जमली. म्हातारीनं बाईंचे हात पाहिले आणि काही विचारलं नाही, एवढंच बाईंना पुरलं.

काम संपल्यावर साहेब छताखालून फिरले. स्टुलावर चढून उलटा हात ठेवत गेले. कुठेच थांबले नाहीत. खाली उतरून म्हणाले, "एकही सांधा बोलत नाही." सगळ्या नोकरीत त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मागे बाईंचा आवाज येत होता, "अहो, फोन कसले करताय, चहा गार होतोय."

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "लाइट नाहीये. आणि ती स्वतःच्या हातानं चहा पितेय."

मी फोन ठेवला आणि सुनंदाला सांगितलं. ती डोळ्याला पदर लावून आत गेली. मी आपला उगाच पाने-पकडी पुसत बसलो.

दोन उन्हाळे चांगले गेले. चांगले म्हणजे किती, ते मी पाहिलंय. दुपारी वीज गेली की त्या अख्ख्या इमारतीत एकच घर गार असायचं. आधी शिर्क्यांची आई वर येऊन बसू लागली, मग समोरच्यांची बाळंतीण बाळाला घेऊन. मग शाळेतली मुलं, परीक्षा झालेली आणि नापास झालेलीही. बाईंनी त्यांना गणित शिकवायला घेतलं. साहेब सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावायचे आणि दार पटकन लावून घ्यायचे. "गारवा बाहेर जातोय, आत या नाहीतर बाहेर राहा." बाई म्हणायच्या, "बॉयलरवर असताना वाफ जातेय म्हणून ओरडायचे, आता गारवा जातोय म्हणून ओरडतात. माणूस बदलत नाही."

सुनंदा त्यांच्याकडे अधूनमधून जायची. पडदे पाहायला म्हणून जायची, पण खरं तर गप्पा मारायला. चालू राहिलेल्या कंपन्यांकडून तिला अजून अधूनमधून व्हॉल्व्हच्या उशांचं काम यायचं, त्यांचं कापड बेतायची एक युक्ती बाईंनी तिला सांगितली होती, वर्तुळाचं काहीतरी. मला अजून कळलेली नाही. सुनंदाला कळली.

तिसऱ्या वर्षी आजार पुढे सरकला. बाईंचे पाय जवळजवळ गेले. पूर्वी जेवढी उष्णता त्या सोसायच्या तेवढीही सोसवेना. त्या मे महिन्यात ऊन तर असं होतं की माणसं दुपारी रस्त्यावर दिसत नव्हती. साहेबांना आपल्या कामातली उणीव माहीत होती. आपण खालून अडवलं, पण स्लॅब वर तापतच होता आणि ती धग उशिरा का होईना, लोकरीतून झिरपत होती. त्यांनी गच्चीवर आपल्या घरापुरती गोणपाटं अंथरली. रोज भर दुपारी वर जाऊन बादलीनं ती भिजवायचे. सोसायटीनं एवढ्याला हरकत घेतली नाही. मी एकदा म्हटलं, "साहेब, सकाळी भिजवा ना." ते म्हणाले, "सकाळचं पाणी अकरापर्यंत उडून जातं साळवे. तापतं तेव्हाच ओतायला हवं." तेही बरोबरच होतं. डोक्याला पंचा गुंडाळायचे आणि बाईंना सांगायचे, "वर जाऊन येतो, पाच मिनिटं."

तो रविवार होता. साहेब वर गेले. बाई अंधाऱ्या गार खोलीत पलंगावर होत्या, त्यांना डुलकी लागली. नेहमीच्या वेळेला शिर्क्यांची आई आली. तिनं विचारलं, "भाऊ कुठेत?"

"आत्ताच वर गेलेत," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं की आत्ताच गेलेत.

म्हातारीनं घड्याळ पाहिलं आणि खाली जाऊन मुलाला वर पाठवलं.

साहेब पाण्याच्या टाकीजवळ पडले होते. बादली आडवी होती आणि सांडलेलं पाणी केव्हाच वाळलं होतं. शिर्क्यांनी त्यांना उचललं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. काही उपयोग नव्हता. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. ऊन लागून गेले, असं ते म्हणाले नाहीत. मला मात्र त्याबद्दल शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सुनंदा गेलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. साहेबांची लेक कॅनडाला असायची, ती तिकडून निघाली होती, पोचायची होती. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला पाहिल्यावर त्यांनी मानेनं जवळ बोलावलं.

"साळवे, एक विचारू?"

"विचारा बाई."

"पूर्वी ते वर चालायचे ना, मला इथे पावलं ऐकू यायची. बादली ठेवली की ठक असा आवाज यायचा. तुम्ही लोकर बसवल्यावर ते ऐकू येईनासं झालं. लोकर आवाजही अडवते का?"

"अडवते," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच."

त्यांनी मला दोष दिला नाही. त्यांच्या आवाजात दोषाचा लवलेश नव्हता, एखादं उदाहरण कसं सुटलं ते पडताळून पाहावं तसं त्यांनी विचारलं होतं. पण मला तिथे उभं राहवेना. सुनंदा त्यांच्याजवळ बसली, मी जिन्यात येऊन बसलो. माझं काम उत्तम झालं होतं, साहेबांनी स्वतः हात लावून पास केलं होतं. त्याच कामाच्या खाली बाई गार झोपल्या होत्या आणि वर, दोन हातांवर, साहेब पडले होते. काम वाईट झालं असतं, एखादा सांधा उघडा राहिला असता, तर कदाचित बादली पडल्याचं ऐकू गेलं असतं. कुणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, उगाच काय मनाला लावून घेता. सुनंदाही म्हणाली. तरी त्यानंतर मी कुठल्याही घराचं छत बंद करताना शेवटची गादी हातात घेऊन थोडा वेळ थांबायचो.

लेक महिनाभर राहिली. आईला घेऊन जाते म्हणाली. बाई म्हणाल्या, "आत्ता नाही. मुलांचा अभ्यास अर्धा राहिलाय." एक मदतनीस दिवसभरासाठी ठेवली आणि लेक परत गेली.

पावसाळा संपल्यावर एक दिवस शिर्के आमच्याकडे आले. साहेब उभे राहिले होते तिथेच उभे राहिले. तेही बसले नाहीत.

"साळवे, गच्चीचं काम करून टाका. मीटिंग झाली. सगळ्यांनी हात वर केले."

"आता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

शिर्क्यांनी मान खाली घातली. "आई माझ्याशी बोलत नाही," ते म्हणाले. "जेवायला वाढते, पण बोलत नाही. त्या मीटिंगच्या वेळी मला कुणी सांगितलंच नव्हतं हो साळवे, बाईंना काय झालंय ते. पण आई म्हणते, विचारलंस का?"

मी त्यांना पाणी दिलं. नियमानं बोलणारा माणूस होता आणि नियमात तो चुकला नव्हता.

हिवाळ्यात मी, सुनंदा आणि दोन गवंडी त्या गच्चीवर राबलो. साहेबांची गोणपाटं अजून तिथेच होती, वाळून कडक झालेली. सुनंदानं त्यांच्या घड्या घालून कोपऱ्यात ठेवल्या. पाणी न शोषणाऱ्या फोमचे जाड पाट अंथरले, त्यावर कोबा, कोब्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. साहेबांच्या घरापुरतं नाही, सोसायटीनं सगळ्या गच्चीचंच करायला सांगितलं. शिर्के रोज बँकेतून आले की वर येऊन उभे राहायचे. एकदा मी वर पाहिलं तर ते वाकून टाइल्सवर हात ठेवत होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. बाई त्या घरात आणखी दोन उन्हाळे राहिल्या. हात गेले, मग डोळे अधू झाले. मुलं उदाहरण वाचून दाखवायची आणि बाई पडल्या पडल्या तोंडी सोडवायच्या. वीज गेली तरी एसीची वाट पाहावी लागत नसे. मग दिवसभराची मदतनीसही पुरेना आणि लेक येऊन त्यांना घेऊन गेली. तिकडून एकदा फोन आला होता. लेकीनं फोन त्यांच्या कानाला धरला होता.

"साळवे, इथे सगळं उलटं आहे. बाहेर बर्फ, आत हीटर. लेकीचं हीटिंगचं बिल बघून मी म्हटलं, घराला लोकर कुणी बसवली? तर माळ्यावर नुसती पसरून ठेवलेली, कडेला सगळ्या फटी. माणूस बोलवायला लावला आणि मी खुर्चीत बसून त्याच्याकडून सगळं भरून घेतलं. आता बिल निम्म्यावर आलंय. त्यानं विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, आमच्या घरी बॉयलरवाले होते."

त्याच हिवाळ्यात त्या तिकडेच गेल्या. शिर्क्यांनी कळवलं. सुनंदा दोन दिवस शिलाई मशीनवर बसली नाही.

मी आता काम सोडलंय. खांदे वर जात नाहीत आणि छताचं काम खांद्यांवरच चालतं. बाई म्हटलं की मला आजारी बाई आठवत नाहीत, फोनवरच्याही नाहीत. गच्चीचं काम संपलं त्या आठवड्यातली एक सकाळ आठवते.

बाईंनी निरोप पाठवला होता की मला वर जायचंय. त्या इमारतीत राहायला आल्यापासून त्यांनी गच्ची पाहिलेली नव्हती. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीनं कमरेला बांधून, पुढून शिर्के आणि मागून मी, असं आम्ही त्यांना जिन्यानं वर नेलं. सुनंदा पाय सावरत होती. सूर्य अजून पूर्वेच्या इमारतीच्या आड होता. पांढऱ्या गच्चीवर नुसता उजेड होता, ऊन नव्हतं.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

शिर्क्यांनी टाकीकडे बोट दाखवलं.

"तिथे ठेवा मला."

आम्ही खुर्ची तिथे ठेवली. बाईंनी खाली पाहिलं नाही. त्या समोर पाहत होत्या. पश्चिमेला मलंगगडाची सगळी रांग उघडी पडली होती, चंदेरीचा सुळका उन्हात आला होता, त्याच्या खालची झाडी अजून निळी होती.

"हे रोज दिसतं इथून?"

"रोज दिसतं," मी म्हटलं. "पावसाळ्यात धबधबेही दिसतात."

"मला म्हणायचे, वर काय आहे, टाकी आणि ऊन." त्यांनी पुन्हा चंदेरीकडे पाहिलं. "मला येता यायचं नाही म्हणून सांगितलं नसेल."

शिर्के टाकीमागे जाऊन उभे राहिले. सुनंदानं बाईंचा पदर सारखा केला. तेवढ्यात पूर्वेच्या इमारतीवरून सूर्य वर आला आणि ऊन गच्चीच्या कठड्यावरून टाइल्सवर उतरू लागलं.

मी पुढे झालो. "बाई, ऊन येतंय. खाली नेतो."

"थांबा," त्या म्हणाल्या. "जरा अंगावर येऊ दे."

ऊन सरकत सरकत त्यांच्या पायांवर आलं, मग मांडीवरच्या हातांवर. बाईंनी डोळे मिटले. आम्ही तिघं उभे राहिलो. त्यांच्या कपाळावर घाम दिसला तेव्हा सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, पण मी खुर्चीला हात लावला नाही. बऱ्याच वेळानं बाईच म्हणाल्या, "चला आता. मुलं यायची वेळ झाली."

आम्ही खुर्ची उचलली.